फोटो चालणार नाही

"काकू, फोटो आत चालणार नाही," सभागृहाच्या दारावरचा थॅडियस म्हणाला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

व्हर्लीनने छातीकडे बघितलं. पांढऱ्या टी-शर्टवर तिचा लेक मार्क्विस हसत होता, टोपी तिरकी घातलेला. तिच्या मागे चर्चमधल्या बायकांची रांग. सगळ्यांच्या अंगावर तोच टी-शर्ट, तेच हसू. नॉर्थ साइडच्या काळ्यांच्या वस्तीत कुणाचं पोर गेलं की असे टी-शर्ट छापतात, मयताला घालून जातात आणि मग कपाटात ठेवून देतात. हे काही कपाटात राहायला तयार नव्हते.

"फोटो कुठे आणलाय मी? अंगात कपडा आहे माझ्या."

"नवा नियम आहे. सभागृहात फलक नाही, फोटो नाही. मी नाही केला तो, काकू. मी नुसता दार सांभाळतो."

"ठाऊक आहे. लहानपणी तुझं नाक पुसलंय मी. मला नको शिकवू."

"मग ऐका माझं. बाथरूममध्ये जाऊन उलटा करून घाला. तेवढं चालतं. पण लवकर करा. एकदा दार लागलं की मलाही उघडता येत नाही."

दार लागून चालणार नव्हतं. मार्क्विसवर भरदुपारी, भर रस्त्यात गोळी झाडणाऱ्या पोलिसाचं नाव वर्ष होत आलं तरी कुणी सांगितलं नव्हतं. वस्तीनं भांडून भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं की घरच्यांनी सभागृहात येऊन मागितलं, तर नाव जाहीर करायचं की नाही यावर शहराच्या कौन्सिलनं मतदान घ्यायचं. घरचं कुणी आलंच नाही, तर मागणी रद्द. आणि व्हर्लीनशिवाय मार्क्विसच्या घरचं होतं कोण?

तेवढ्यात "जरा सरका, सरका" करत दोन गोरे पोलीस आले. दोघांनी मिळून एक भलीमोठी फ्रेम धरली होती. कोपऱ्याला काळी फीत. आत कुत्र्याचा फोटो.

थॅडियसने दार धरलं. फ्रेम आडवी करावी लागली, तेव्हा कुठे ती आत गेली.

"हा कोण?" व्हर्लीनने विचारलं.

"टायटन. पोलिसांचा कुत्रा. गेल्या आठवड्यात गेला. श्रद्धांजली आहे."

"फोटो चालत नाही म्हणालास ना?"

"त्याचा चालतो, काकू."

 व्हर्लीन बायकांना घेऊन बाथरूमकडे वळली.

आत बायकांनी मुकाट्याने टी-शर्ट काढले, उलटे केले, पुन्हा घातले. शिवणी बाहेर आल्या, हसू आत गेलं. शेजारची मेव्हिस आरशात बघून म्हणाली, "चार पायांवर चालायला शिकवायचं होतं गं आपण पोरांना."

सभेची सुरुवात टायटनने झाली. अध्यक्षांनी त्याचं वय सांगितलं, त्याची नोकरी सांगितली. त्याला उकडलेली कोंबडी किती आवडायची, तो धन्याच्या पायाशी कसा झोपायचा, तेही सांगितलं. मग सगळ्यांना उभं राहायला लावलं. बायका बसून राहिल्या, तेव्हा अध्यक्ष त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सगळ्यांनी, कृपया." फ्रेमशेजारचा पोलीस हमसून हमसून रडत होता. त्याचं रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच व्हर्लीनला जास्त किळस आली.

मग तिचं नाव पुकारलं. रात्र-रात्र जागून लिहिलेलं भाषण तिच्या पर्समध्ये होतं. ते तिने काढलंच नाही.

"आत्ता तुम्ही कुत्र्याचं नाव सांगितलंत," ती माइकपाशी उभी राहून म्हणाली. "तो काय खायचा, कुठे झोपायचा, तेही सांगितलंत. आता माझ्या मुलाला मारणाऱ्या माणसाचं नाव सांगा. तो काय खातो ते नको मला. नुसतं नाव सांगा."

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या कौन्सिलच्या वकिलाच्या कानाशी लागले. हात काढला तेव्हा आवाज मधाळ झाला होता.

"बाई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. पण ही एका कर्मचाऱ्याची खासगी बाब आहे. त्यालाही घरदार आहे, त्याच्या माणसांचा विचार नको का करायला?"

हात वर झाले, खाली आले. नाव झाकलेलंच राहिलं. विषय संपला.

"नॉर्थ साइडच्या मंडळींचे विशेष आभार," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "नियम पाळून आलात, फार बरं वाटलं."

बाहेर थॅडियस दाराला टेकून उभा होता. आतलं सगळं त्याला ऐकू आलं होतं.

"काकू, आता सुलटा करून घाला," तो हळूच म्हणाला. "इथं बाहेर चालतं."

व्हर्लीनने छातीवरून हात फिरवला. घामानं कापड भिजलं होतं आणि आतला चेहरा तिच्या अंगाला चिकटून बसला होता.

"राहू दे रे," ती म्हणाली. "बरं झालं उलटा घातला. माझ्या लेकराला ह्यांची थोबाडं तरी बघावी लागली नाहीत."