मागच्या खोलीतला कूलर

कूलर थांबल्याचं सगळ्यांआधी चारुलताला कळलं. लाइट गेली होती. बाहेर जळगावची मे महिन्यातली दुपार, समोर एरंडोलहून तिला बघायला आलेली पाच माणसं. हे अकरावं स्थळ.

"पोरी, तुले भाऊ कितला शेतस?" मुलाच्या आईने विचारलं.

"एकच," उत्तर चारुलताच्या आईनेच दिलं. "सुट्टीत गावाला गेलाय."

नवल मागच्या खोलीत होता. खिडकी लावलेली, दाराला बाहेरून कडी. पाहुणे आले की त्याला तिथेच ठेवायचे. चौदा वर्षांचा, डोक्यावर विरळ भुरे केस, तोंडात चारच टोकदार दात. घाम त्याला जन्मापासून आलाच नव्हता. अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत, डॉक्टर म्हणाले होते; याला थंडावा बाहेरूनच द्यायचा. पाहुणे असताना हाक मारायची नाही, असं त्याला बजावलेलं. तो मारणारही नव्हता.

दहा मिनिटं झाली. शिक्षण विचारून झालं, पुरणपोळी येते का विचारून झालं. आईचे सोळा सोमवार चालू होते, आजचा चौदावा. ती नुसत्या पाण्यावर बसून हसत होती.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे हो, तुमची मुलगी उकडणार नाही," मुलाची मावशी पदराने वारा घेत म्हणाली.

चारुलता उठली.

"बस," आई दबक्या आवाजात म्हणाली.

चारुलताने मागच्या खोलीची कडी काढली. नवल भिंतीला टेकून होता, डोळे अर्धे मिटलेले. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. तिने त्याला धरून सगळ्यांसमोरून अंगणातल्या नळाशी नेलं आणि भरलेली बादली डोक्यावर ओतली.

"हा कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

"माझा भाऊ. हा आजार आईकडून मुलाला येतो. माझ्यातही असेल, वरचे दोन दात मलाही आलेच नाहीत. उद्या माझ्या मुलाला होऊ शकतो." तिचा आवाज थकलेला होता, पण स्वच्छ.

पाहुण्यांनी चपला घातल्या. पोहे तसेच राहिले.

आई नळाशी आली. आता बोलणी बसणार म्हणून चारुलता मान खाली घालून उभी राहिली. आईने दुसरी बादली भरली, नवलच्या डोक्यावर हळूहळू रिकामी केली.

"तुला एक मामा होता," ती म्हणाली. "मला बघायला आले, त्या दिवशी त्यालाही आत कोंडलं होतं. मी उठले नाही."