तळेऱ्याच्या तिठ्यावर

फोन पुन्हा वाजला आणि किशोरीच्या कपाळाला आठी पडली. किल्ल्यावर उंच टाचांच्या चपला चालतील का, असं कुणीतरी विचारत होतं. "नाही चालणार हो," ती म्हणाली आणि नजर पुन्हा रस्त्याकडे लावून बसली.

पुण्याच्या वरपक्षाला समुद्रकाठी, किल्ल्याच्या गावात लग्न हवं होतं. वधूचं, म्हणजे किशोरीच्या बहिणीचं, घरच विजयदुर्गात. त्यांची सहल आणि यांची धावपळ. कसं यायचं, कुठे वळायचं, काय आणायचं, हे सगळं किशोरीने हौसेने लिहून एका दमात सगळ्यांना पाठवलं होतं. सगळ्यांना, म्हणजे भाईमामालाही. अक्षत घेऊन त्याच्या घरी जायचं मात्र धांदलीत राहूनच गेलं.

मामाचा निरोप लगेच आला होता. "किशोरी, माका वाट दाखवतंस गो? पावणो केलंस माका!" तेव्हापासून त्याचा फोन बंद.

मुहूर्त गोरज. मुलीला बोहल्यावर मामानेच आणायचं. नवरीने, सृष्टीने, तर सकाळी हळद लागतानाच बजावलं होतं, "मामा नाय इलो तर मी उठूचंय नाय." आणि सृष्टी बोलली म्हणजे बोलली.

"भाई इलो?" आई, यशोदा, आतबाहेर करत सारखी विचारत होती.

"नाय गो आये."

चूक आपली, हे किशोरीला आतून टोचत होतं.

भर दुपारी पुण्याची बस आली. नवऱ्या मुलाची आत्या उतरली ती हसतच. "तळेऱ्याला तुमचे गृहस्थ उभे होते म्हणून वाचलो बाई! तुम्ही लिहिलंय, उजवीकडे वळा. ते मुंबईकडून येणाऱ्यांना. आम्ही आलो घाटातून. वळलो असतो तर थेट खारेपाटण!"

"आमचे गृहस्थ?"

"हो की! सकाळपासून उन्हात छत्री घेऊन उभे आहेत. पुण्याची गाडी दिसली की आडवे येतात. म्हणाले, घरचं लग्न आहे, पाहुणे चुकले तर आमची शोभा व्हायची."

यशोदा दारातून हे ऐकत होती. मग आत गेली, अक्षतांची वाटी आणि सुपारी घेऊन आली आणि तडक गाडीत जाऊन बसली.

"किशोरी, गाडी काढ."

वाटेभर यशोदेने अक्षतांची वाटी मांडीवर धरून ठेवली. ऊन कलत चाललं होतं, आणि घड्याळाकडे बघायचं किशोरीचं धाडस झालं नाही.

मामा तिठ्यावरच होता. नवा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. गाडी थांबताच सवयीने छत्री उंचावून पुढे आला. "लग्नाक मा? हयसून..." आणि बहीण दिसताच त्याने छत्री खाली घेतली.

यशोदेने खाली उतरून त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या, वर सुपारी ठेवली. "चेडवाचा लगीन आसा. तुका बोलवूक इलंय, भाई."

मामाने मूठ मिटली. छत्री मिटली. तो मागच्या सीटवर बसला.

किशोरीने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. तिने विचारलं, "मामा, खंय वळू? वाट सांग."

मामाने घसा खाकरला.

"चल, सांगतंय. आता पावणी तू."