बरणीतलं पाणी

रोह्याच्या प्रयोगशाळेत उदासीवरचं औषध तपासताना उंदराला पाण्याच्या उंच बरणीत सोडत. हातपाय मारायचं थांबवून तो नुसता तरंगू लागला, की त्याने आशा सोडली असं धरत. निशिगंधा मग त्याला आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसायची.

त्या दुपारी शेवटचा उंदीर पुसून तिने पिंजऱ्यात ठेवला, तरी मागे पाणी चुबुक चुबुक वाजतच होतं. बरणीत उंदीर नव्हता. पाणी मात्र हिंदकळत होतं.

पिंजरे झाडणाऱ्या गिरजाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काढ गो त्याला. दमला हाय बिचारा."

"मावशी, आत कोण नाय."

आवाज मंदावत चालला. निशिगंधाला राहवेना. तिने पाण्यात हात घातला.

चार गार पावलं तिच्या तळव्यावर चढली आणि थरथरू लागली.