देवाकडे तोंड करून

देव पुन्हा हसला. दोन्ही लाकडी चंद्रकोरी सपाट बाजू वर करून फरशीवर पडल्या, आणि यू च्या-वनने कपाळाला हात लावला. एक सपाट, एक फुगीर पडली तर कौल हो. दोन्ही फुगीर म्हणजे नाही. दोन्ही सपाट म्हणजे देव नुसता हसतोय, प्रश्नच धड विचारलेला नाही.

भूमीदेवाचं देऊळ जेमतेम एका खोलीएवढं, पण अंगण ऐसपैस, आणि तिथून यीलानचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघडे दिसत. च्या-वनला नेमकी अशीच जागा हवी होती. हवामान खात्याच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या रडारला डोंगराच्या कुशीतलं दिसत नाही, म्हणून तिने रडार ट्रकवर चढवून आणलं होतं. समुद्राचा वारा डोंगराकडे धावतो, मग पाऊस माथा सोडून पायथ्याशीच का कोसळतो, हे तिला बघायचं होतं. आठवडाभर ट्रक सुपारीच्या बागेआड उभा होता आणि पडद्यावर डोंगराच्या जागी सुपारीच दिसत होती. आज दुपारी मोसमातला शेवटचा मोठा पाऊस येणार होता. तो हुकला की उद्या ट्रक तैपेईला परत आणि काम कायमचं बंद.

“आ-पे, अजून एकदा विचारते,” ती म्हणाली. त्या गावात प्रत्येक म्हातारा आ-पेच असतो. हे देवळाची देखभाल करणारे चुआंग आ-पे.

“विचार की. त्याला कुठं गाडी पकडायची आहे?”

तिने पुन्हा देवाला स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, ट्रक अंगणात लावू दे म्हटलं, रडारने गावाचं कसं भलं होईल तेही सांगितलं. चंद्रकोरी टाकल्या. देव हसला.

अंगणाबाहेर ट्रकच्या पायरीवर ड्रायव्हर शिए पौर्णिमेच्या सणाचं पपनस सोलत बसला होता. “बाई, तुम्ही कौल मागताय की अर्ज वाचून दाखवताय?”

च्या-वनने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तिची नजर ओसरीतल्या स्टुलांच्या चळतीवर गेली. शेजारी रंगीत पताका गुंडाळून ठेवल्या होत्या.

“आज इथं काही होतं का?”

“होतं म्हणजे काय? या पौर्णिमेला देवापुढं बाहुल्यांचा खेळ असतो. वर्षभर तो याच दिवसाची वाट बघतो,” आ-पे म्हणाले. “काल मंडळींचा फोन आला, येत नाही म्हणून. हवामानवाल्यांनी मोठा पाऊस सांगितलाय म्हणे.”

शिएचं पपनस हातातच राहिलं. “हवामानवाल्यांनी म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “आमच्या बाईंनीच.”

आ-पेंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अस्सं. त्याचा खेळ बंद पाडलास, आणि वर त्याचंच अंगण मागतेस? मी असतो तरी हसलो असतो.”

च्या-वन शरमेने लाल झाली. मग तिने विचारलं, “बाहुल्यांचा मंच कुठं तोंड करून लावतात?”

“देवाकडं, आणखी कुठं? माणसं आपली कडेकडेनं बघतात.”

ती गुडघ्यांवर बसली. या खेपेला तिने गावाच्या भल्याचं काही काढलं नाही. “देवा, तुझा खेळ माझ्यामुळे बुडाला. माझ्याकडे बाहुल्या नाहीत. जे आहे ते तुझ्याकडे तोंड करून दाखवते.”

एक सपाट, एक फुगीर. मोठ्या गोष्टीला असे सलग तीन होकार लागतात. तिन्ही मिळाले. शिए पपनस टाकून स्टिअरिंगकडे धावला.

ट्रक मागचं दार देवळाकडे करून लागला. रडारला त्याने काही फरक पडत नव्हता, ते टपावर बसून चहूकडे फिरायचं. दार उघडून च्या-वनने मोठा पडदा देवासमोर आणला. तेवढ्यात पाऊस आला, आणि पावसाबरोबर शेजारपाजारही आला. सगळे ओसरीत स्टुलं मांडून बसले. देवाला पडदा दिसावा म्हणून मधली वाट तेवढी मोकळी ठेवली.

“लाल कोण गं?” एका म्हातारीने विचारलं.

“समुद्राचा वारा. डोंगरावर चाल करून निघालाय.”

“आणि हिरवा?”

“डोंगरावरून उतरणारा गार वारा.”

“म्हणजे आपला,” म्हातारी म्हणाली, आणि अख्खी ओसरी हिरव्याच्या बाजूने झाली.

लाल जोरात आला. हिरवा जमिनीलगत सरपटत खाली उतरला. पायथ्याशी दोघांची गाठ पडली, लाल हिरव्याच्या अंगावर चढला, आणि बरोबर तिथेच पाऊस फुटला. माथ्यापर्यंत पोचण्याआधीच डोंगराचा वारा समुद्राच्या वाऱ्याला उचलून धरत होता. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं झुरली ते तिच्यासमोर घडत होतं. आनंदाने तिचे डोळे भरून आले. भान हरपून ती पडद्याला नाक लावून उभी राहिली.

“बाजूला हो पोरी,” मागून आ-पे खेकसले, “मालकांना दिसत नाहीये.”

संध्याकाळी पाऊस ओसरला. म्हातारी शेजारणीला हिरवा कसा लढला ते पुन्हा सांगत होती. च्या-वन तारा गुंडाळू लागली. आ-पेंनी उदबत्ती लावली आणि दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे देवाला विचारलं, “पुढच्या वर्षी बाहुलीवाल्यांनाच बोलवू ना?”

दोन्ही फुगीर.

आ-पेंनी कान खाजवला. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही फुगीर. त्यांनी चंद्रकोरी सदऱ्याला पुसून जागेवर ठेवल्या आणि ट्रकपाशी येऊन घसा खाकरला.

“पोरी, पुढच्या वर्षी या पौर्णिमेला तुझा ट्रक मोकळा आहे का?”