भरताची वांगी

"फवारणीनंतर सात दिवस वांगी तोडायची नाहीत," भाजीपाला प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणाले.

मी उठलेच. "साहेब, भाव असला की आम्ही दुसऱ्याच दिवशी तोडतो. माझ्या घरात अजून कुणाला साधी उलटी नाय झाली. घरच्या खाण्याचा वाफाच वेगळा ठेवते मी, त्याला औषधाचा थेंब लागू देत नाय!"

बाया खदखदून हसल्या. मी ऐटीत खाली बसले, तोच नाशकातून माझ्या पोटुशी लेकीचा, संजनाचा फोन आला.

"आई, डोहाळे पुरले गं माझे! इथल्या भाजीवाल्याकडं कालपासून आपल्या गावची वांगी यायला लागलीत. दोन्ही वेळा भरीतच खातेय."