खऱ्या कंपनीसारखं

बाईंनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि टेबलावर टाकून दिली.

"ही आंधळ्यालाही कळेल," त्या म्हणाल्या.

मालकांचा चेहरा पडला. पुढच्या खोलीत शाळेचे खडू आणि मागच्या खोलीत मन शांत करणाऱ्या गोळ्या, असा त्यांचा कारखाना. खडू खरे होते. गोळ्या मात्र एका नामांकित कंपनीच्या नावाने निघत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हातोहात खपत. हल्ली दुकानदार कुरकुरू लागले होते. गेल्या महिन्यात मुलाखतीला जाताना धीर यावा म्हणून एका मुलीने यातली एकच गोळी घेतली आणि पाच दिवस दवाखान्यात निपचित पडली. तेव्हापासून जो तो पट्टी उलटीपालटी करून बघत होता. मालकांना मुलीचं वाईट वाटलं नाही असं नाही. खपाचं जास्त वाटलं, एवढंच.

म्हणून मेव्हण्याने या बाईंना शोधून आणलं होतं. त्याच नामांकित कंपनीत पट्ट्या तपासण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेलेली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने एक भिंतीवरचं घड्याळ देऊन बोळवण केली, याचा राग अजून नाकाच्या शेंड्यावर. मालकांना असा राग आवडायचा. रागावलेलं माणूस मन लावून काम करतं, असा त्यांचा अनुभव.

"सुधारता येईल?" त्यांनी विचारलं.

"माझं ऐकाल तर. अर्धवट ऐकणार असाल तर आत्ताच निघते."

बाईंनी दोन चमच्यांमध्ये एक गोळी चिरडली आणि चष्मा नाकावर ओढून चुरा पाहिला.

"यात काय घालता?"

"झोपेची भुकटी. स्वस्तातली. मूठमूठभर."

"तरीच पिवळट दिसते. काढा ती."

"मग गुण कसा येणार?"

"लोक आधी रंग बघतात. गुणाचं नंतर बघू."

मालकांना पटलं. भुकटीची पोती त्याच दिवशी बाजूला झाली. गोळीत उरला निव्वळ खडू, आणि खडूत मालकांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवंच काढलं. "जुन्या पट्ट्या बाजारात आहेत ना? नवीशेजारी जुनी दिसली की दोन्ही मेल्या. खरी कंपनी अशा वेळी माल परत मागवते."

"परत?" मेव्हणा उडालाच. "दाजी, आपल्या धंद्यात असं कुणी करतं का?"

पण 'खरी कंपनी' हे शब्द मालकांच्या मनात घर करून बसले होते. इतकी वर्षं लपतछपत काढल्यावर कुणीतरी त्यांची तुलना खऱ्याशी करत होतं. त्यांनी मेव्हण्याला पिशवी दिली आणि अकरा दुकानं फिरायला लावलं. बिचारा प्रत्येक ठिकाणी दिलगिरी व्यक्त करून आला.

"आणि घरोघरी जे घेतात ते?" बाईंनी विचारलं.

"त्यांचंही काढून आणतो की आजच."

"अजिबात नाही. आधी यादी करा. नाव, पत्ता, रोज किती घेतात, कधीपासून घेतात. पट्ट्या सगळ्यात शेवटी, एकाच सकाळी गोळा करायच्या. खरी कंपनी गिऱ्हाईक सांभाळते."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला, पण यादी केली. अक्षर गचाळ होतं म्हणून बाईंनी ती त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतली.

राहिला एक प्रश्न. नवा माल तीन वेगवेगळ्या जागी ठेवायचा, हा मालकांचा जुना नियम. त्याच्याच जोरावर ते दोन धाडींतून सहीसलामत सुटले होते. बाई आता एका मोठ्या साहेबांना आणणार होत्या. ते सगळा माल एकगठ्ठा उचलणार होते.

"त्यांना काय तीन गल्ल्या हिंडवणार?" बाई म्हणाल्या. "खरी कंपनी..."

"एका छताखाली ठेवते," मालकांनीच वाक्य पुरं केलं.

"दाजी, मला हे बरं दिसत नाही," मेव्हणा पुटपुटला.

"तुला आजवर काय बरं दिसलंय?"

ठरलेल्या दिवशी मालक इस्त्रीचा सदरा घालून आले. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवा माल, दुकानांतून परत आलेला जुना माल, भुकटीची पोती, पट्ट्या चिकटवायचं यंत्र धुऊनपुसून लख्ख. दुपारी मेव्हणा शेवटची पिशवी घेऊन घामाघूम होऊन आला. सकाळपासून तो जिने चढत होता.

"बाहेर एखादी पट्टी राहिली?" बाईंनी विचारलं.

"नावालाही नाही. एका आजोबांच्या तर उशीखालून काढली."

बाई हसल्या, अगदी मनापासून. इतक्या दिवसांत मालकांनी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि त्यांचाही ऊर भरून आला. सगळं अगदी जुळून आल्यासारखं वाटत होतं. आपण आता भुरटे राहिलो नाही, कंपनी झालो, असं त्यांना खरंच वाटलं.

बाईंनी फोन लावला. "या साहेब. सगळं इथेच आहे."

पाचच मिनिटांत गाड्यांचा आवाज आला. मेव्हणा पुढे धावला, पण मालकांनी त्याला थांबवलं. असा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो. त्यांनी सदरा सारखा केला आणि स्वतःच्या हातांनी शटर वर ढकललं.

बाहेर पोलिसांच्या दोन गाड्या होत्या आणि एक दवाखान्याची. बाई मालकांच्या शेजारून सरळ दवाखान्याच्या गाडीपाशी गेल्या आणि यादी डॉक्टरीणबाईंच्या हातात देत म्हणाल्या, "बेचाळीस माणसं आहेत. आज संध्याकाळच्या आत गाठा सगळ्यांना, गोळी एकदम बंद झाली तर झेपायचं नाही त्यांना."