आमच्याकडचा चंद्र

तारांगणाला सुट्टी होती. घुमटाखालच्या रिकाम्या खुर्च्यांत आई एकटीच मान मागे टेकून बसली होती. मागच्या टेबलापाशी लेक प्रोग्राममध्ये डोकं घालून बसलेली, आणि ऑपरेटर काका तिच्यामागे चुळबुळत उभे.

"इतकी वर्षं नीट चाललंय," ते म्हणाले. "उगाच कशाला हात लावायचा?"

"चाललंय, पण एकाच गावासाठी."

या शहराचा अक्षांश कुणीतरी थेट प्रोग्राममध्येच लिहून ठेवला होता, तोही जागोजागी. ती एकेक आकडा खोडून तिथे सेटिंग बसवत होती. गाव निवडायचं, की त्या गावचं आकाश दिसेल.

आईचं गाव विषुववृत्तापलीकडचं. लग्न होऊन ती इकडे आली, ती आलीच. आता एवढा प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं.

लेकीने त्या गावाचं नाव टाकलं. दिवे मंदावले. कुणी झोपेत कूस बदलावी तसं आकाश कललं. ओळखीचे तारे कडेला बुडाले, दुसरेच वर आले.

आई एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकेक तारा बघत गेली.

"चंद्र इकडचाच आहे गं," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडे त्यातला ससा उलटा असतो."

काका हसले. "अहो आई, चंद्र सगळीकडे सारखाच."

लेक हसली नाही. लहानपणापासून तिने हे ऐकलं होतं आणि कधी मनावर घेतलं नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. चंद्राची फाईल वेगळीच होती, आणि तिच्यात तोच जुना आकडा दडून बसला होता. तो काढल्यावर घुमटावरचा चंद्र सावकाश फिरला. ससा डोक्यावर उभा राहिला.

"हां," आई म्हणाली. तिने चपला काढल्या, पाय वर घेऊन मांडी घातली. "आता बोलू नका कुणी."

काकाही वरच बघत राहिले. मग कुजबुजले, "मॅडम, उद्या मशीन लावल्यावर पहिलं कुठलं दिसणार? आपलंच ना?"

लेकीची बोटं थांबली. सुरुवातीच्या गावाची जागा तिने रिकामीच सोडली.

"मशीन विचारेल तुम्हाला."

सकाळी काकांनी मशीन लावलं. स्क्रीनवर फक्त एक प्रश्न होता: कुठलं आकाश? शाळेची मुलं यायला अजून अवकाश होता. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि एका बोटाने आपल्या जन्मगावाचं नाव लिहायला घेतलं.